सोसायटीच्या दारातलं रॉकेल

सोसायटीचा इतिहास लिहायचा म्हटलं की हात आपोआप कर्जखतावणीकडे जातो. नोंदणी कधी झाली, पहिले चेअरमन कोण, पीककर्ज किती वाटलं, वसुली किती टक्के, लेखापरीक्षणात वर्ग कोणता मिळाला. पन्नास-साठ वर्षांचा कारभार एवढ्यात उरकतो आणि स्मरणिकेच्या संपादकांनाही बहुधा तेवढंच हवं असतं. संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष जाहीर केलं, त्या निमित्ताने बीड जिल्ह्यातल्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांविषयी लिहायला मला सांगण्यात आलं. कर्जावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी रॉकेलवर लिहितो, असं मी कळवून टाकलं. गटसचिव म्हणून माझी नोकरी ज्या दप्तरात गेली त्यात कर्जखतावणी जाडजूड, कापडी बांधणीची. आणि रॉकेलची साठा नोंदवही कळकट, कडा निळसर झालेली, वास मारणारी. पण गावातली जितकी माणसं त्या कळकट वहीपायी सोसायटीची पायरी चढली, तितकी कर्जापायी कधी चढली नाहीत.

कारण साधं आहे. कर्जाला सातबारा लागतो. ज्याच्या नावावर जमीन तो सभासद, जो सभासद त्याला मत, ज्याला मत त्याचीच सोसायटी. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे निम्मं गाव दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतं, तिथे या व्याख्येत गाव मावत नाही. रॉकेलला मात्र रेशनकार्ड पुरे. कार्ड भूमिहीनाकडे होतं, विधवेकडे होतं, सालगड्याकडे होतं. सोसायटीच्या ज्या खोलीत बाईमाणूस एरवी फिरकलंही नसतं, तिच्या दारात महिन्यातून एकदा बायकांचीच रांग लागायची.

मुळाकडे थोडं जाऊन येऊ. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 साली आला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे तसा कायदा व्हायला 1914 उजाडलं. कागदावर संस्था झाल्या, पण खेड्यातला माणूस सावकाराच्याच ओट्यावर राहिला. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान विलीन झालं, 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मधल्या काळात, 1954 साली, रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के आहे, असं त्यात निघालं. त्यानंतर सरकारने भांडवल घालून गावोगाव सोसायट्या उभ्या करायचं धोरण आलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा, अंमल 26 जानेवारी 1962 पासून. आपल्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांची खरी घडी बसली ती याच सुमारास.

‘विविध कार्यकारी’ हे नाव मोठं होतं. प्रत्यक्षात कार्य एकच चालायचं: जिल्हा बँकेकडून आलेलं पीककर्ज वाटायचं आणि मार्चअखेर वसूल करायचं. ‘विविध’ला अर्थ आला तो दुकानामुळे. 1962 च्या चीन युद्धानंतर महागाई भडकली तेव्हा केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना काढली. शहरांत मध्यवर्ती भांडारं निघाली. खेड्यात वेगळी संस्था काढण्याइतकी माणसं आणि भांडवल नव्हतं, म्हणून आहे त्या सोसायटीलाच खत, बियाणं, साखर, नियंत्रित दराचं कापड आणि रॉकेल विकायला सांगितलं गेलं. पुढे 1972 चा दुष्काळ आला. अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर वाटला गेला, त्याच्या भाकरी गिळवत नव्हत्या, हे सांगणारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्याच दुष्काळात सोसायटीचं दुकान म्हणजे काय, हे गावाला कळलं. लागलीच 1973 च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं आणि जगभर भाव चौपट झाले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. महागाईबरोबर रॉकेलचा तुटवडा हाही त्यांचा सवाल होता. बीडच्या खेड्यात मोर्चा निघाला नाही. इथे लोकांनी दिवा लवकर मालवला.

इथे वाचकाला एक सांगायला हवं. थंड देशांत घर ऊबदार ठेवायला तेल जाळतात. आपल्याकडे रॉकेल घर तापवायला कुणी जाळलं नाही. थंडीला शेकोटी आणि गोधडी. चुलीला पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. गेवराई-माजलगावच्या कापूसपट्ट्यात पऱ्हाट्यांच्या गंजी घरामागे रचलेल्या असायच्या. रॉकेल लागायचं ते दोन कामांना: चूल पेटवताना शिंतोडा मारायला आणि रात्री चिमणी, कंदील जाळायला. ज्यांच्याकडे स्टोव्ह होता त्यांना जास्त. इंडियन ऑइलने 1970 च्या दशकात ‘नूतन’ नावाचा वातीचा स्टोव्ह काढला, तो मास्तर-ग्रामसेवकांच्या बिऱ्हाडात आधी आला. म्हणजे गरिबाला तेल थोडं लागायचं, पण त्या थोड्याशिवाय त्याचा दिवस सुरूही होत नव्हता आणि संपतही नव्हता. पावसाळ्यात ओलं सरपण पेटवायचं तर पावशेर रॉकेलची किंमत काय, हे चुलीपुढे बसलेल्या बाईला विचारावं.

आता खरेदीची साखळी. मराठवाड्यात येणारं बरंचसं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकरने येतं. बीड शहराला रेल्वे मिळाली ती 17 सप्टेंबर 2025 ला; तोवर सगळा भार रस्त्यावर. टँकर तालुक्याच्या अर्धघाऊक परवानाधारकाकडे रिकामा व्हायचा. काही ठिकाणी हा परवाना खासगी व्यापाऱ्याकडे, काही ठिकाणी तालुका खरेदी-विक्री संघाकडे. जिल्हा पुरवठा कार्यालय तालुक्याचा कोटा ठरवायचं, तहसीलची पुरवठा शाखा गावाचं नियतन काढायची, आणि मग सोसायटीने आगाऊ पैसे भरून आपले बॅरल उचलायचे. एक बॅरल 200 लिटरचा. वाहतूक बैलगाडीने, पुढे टेंपोने, कधी दुधाच्या गाडीला विनवून.

सोसायटीचा फायदा नेमका इथे होता, आणि तो ताळेबंदात कधी नीट दिसला नाही. पैसे आधी, माल नंतर. खासगी दुकानदाराकडे महिन्याच्या ठरल्या तारखेला रोकड नसली की तो व्याजाने उचलायचा आणि ते व्याज मापातून काढायचा. सोसायटीकडे भागभांडवल होतं, दुकानाचं चालू खातं होतं. शंभर घरांनी आपापली बाटली घेऊन तालुक्याला जायचं म्हटलं तर एसटीचं भाडंच तेलाहून जड. शंभर घरांचं तेल एकाने एकदम उचललं की भाडं बाटलीमागे पैशांवर येतं. सहकार म्हणजे काय, हे प्रशिक्षण वर्गात तासभर शिकवण्यापेक्षा हा हिशेब फळ्यावर मांडला तरी पुरे.

कमिशन मात्र नावाला. लिटरमागे मिळणाऱ्या पैशांत हमाली, घट आणि दुकानातल्या सेल्समनचा पगार बसवायचा. रॉकेल उडतं. बॅरल उन्हात राहिला, झाकणाचा वायसर गेला, की दोन-तीन लिटर हवेत. लेखापरीक्षक घट मान्य करायला राजी नसत. ‘हवेत गेलं’ याची पावती कुठून आणायची? बऱ्याच संचालक मंडळांना हे दुकान डोईजड वाटायचं आणि बैठकीत ‘रॉकेल परवाना परत करावा’ असा ठराव यायचा. तो सहसा मंजूर होत नसे. कारण परवाना परत केला तर तो कुणाकडे जाईल, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

वाटपाचा दिवस दवंडीने कळायचा. सोसायटीच्या मागे पत्र्याची वेगळी खोली, कारण रॉकेलचा वास साखरेला आणि गव्हाला लागतो आणि मग त्या वासाची तक्रार दोन महिने पुरते. बॅरल विटांवर आडवा ठेवलेला, तोंडाला तोटी. नाहीतर उभ्या बॅरलमध्ये हातपंप. खाली पत्र्याची परात, सांडलेलं तेल परत मिळावं म्हणून. लिटरचं आणि अर्ध्या लिटरचं माप, वजनमापे निरीक्षकाचा शिक्का मारलेलं. नरसाळं एकच, ते शंभर बाटल्यांतून फिरायचं. बायका जे मिळेल ते घेऊन यायच्या: दारूच्या रिकाम्या बाटल्या, औषधाचे कॅन, गोडेतेलाचे पाच लिटरचे डबे, कुणाची जुनी कासंडी. बाटलीच्या तोंडाला बुचाऐवजी चिंधी किंवा मक्याचं बुरकुंड.

माप तोटीखाली धरलं की आधी फेस वर येतो. सगळा खेळ त्या फेसाचा. घाईचा सेल्समन फेसासकट माप ओततो आणि लिटरमागे चहाचा कप वाचवतो. दोन बॅरलमागे हे किती झालं, याचा हिशेब रांगेतल्या बाईला लिहिता-वाचता येत नसलं तरी तोंडपाठ असायचा. ‘फेस बसू द्या की जरा, आमी काय पळून चाललोत?’ हे वाक्य मी जितक्या गावांत ऐकलं तितक्या गावांत सोसायटी जिवंत होती, असं मी आजही मानतो. ज्या गावात बायका गप्प बसून बाटली पुढे करायच्या, तिथल्या वार्षिक सभेत संचालक हात वर करून एका मिनिटात अहवाल मंजूर करायचे. मापाजवळ बोलणारं गावच सभेत बोलतं.

कार्डावर बॉलपेनने नोंद व्हायची, नोंदवहीत अंगठा. सुट्टे पैसे नसायचे, त्याऐवजी काड्याची पेटी. तीही एका अर्थी योग्यच, म्हणून कुणी फारसं बोलायचं नाही. भिंतीवर साठ्याचा आणि भावाचा फलक लावणं बंधनकारक होतं. खडूने लिहिलेला तो फलक पुरवठा निरीक्षकाची जीप वेशीत दिसली की ताजा व्हायचा.

1 मे 1999 पासून राज्यात तीन रंगांची कार्डं आली: पिवळं, केशरी, पांढरं. रॉकेल किती मिळणार हे घरातल्या माणसांवर ठरायचं. पुढे बरीच वर्षं एका माणसाला 2 लिटर, दोघांना 3, तिघांना किंवा जास्त असतील तर 4 लिटर असं प्रमाण होतं. नियतन कमी आलं की तेवढंही मिळायचं नाही. गॅसजोडणी असलेल्याच्या कार्डावर शिक्का बसायचा आणि त्याचं रॉकेल बंद किंवा कमी व्हायचं. 2005 च्या पुढच्या भारनियमनाच्या वर्षांत तर खेड्यात बारा-बारा तास वीज नसायची. त्या काळात दहावीला बसलेली मुलं सोसायटीच्या रॉकेलवर शिकली. ती मुलं आज पुण्यात नोकरीला आहेत आणि त्यांच्या सोसायट्या म्हणजे लिफ्टच्या इमारती आहेत.

गटाने एकत्र येऊन घरखर्चाची खरेदी करणं ही काही बीडची कल्पना नव्हे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी डिसेंबर 1844 मध्ये जे दुकान उघडलं, त्यात लोणी, साखर, पीठ आणि ओटच्या भरडीबरोबर मेणबत्त्याही होत्या. उजेड विकत घ्यायची सोय सहकाराच्या पहिल्याच दुकानात होती, हे आमच्या सहकार प्रशिक्षण वर्गात कुणी सांगितलं नाही. आजही इंग्लंडच्या खेड्यांत, जिथे गॅसची पाइपलाइन पोचत नाही, तिथले लोक मिळून तेलखरेदीची मंडळं चालवतात. एक जण सगळ्यांच्या मागण्या गोळा करतो, पुरवठादारांकडून भाव मागवतो आणि एकच टँकर साऱ्या गावात फिरतो. त्यांची किमान मागणी बहुधा घरटी 500 लिटर. म्हणजे एका घराला आपले अडीच बॅरल! आकडा ऐकून हसू येईल, पण डोकं तेच: टँकरची फेरी एक, घरं अनेक, भाडं वाटून.

आपल्या राज्यातही उदाहरणं आहेत. 1948 साली मुंबईत नायगावच्या कामगारांनी सुरू केलेलं दुकान पुढे ‘अपना बाजार’ झालं. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत निघाली. संगीतकार सुधीर फडके तिच्या उभारणीत होते. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी आणि पैसे आधी गोळा करायचे, उत्पादकाकडून एकदम माल आणायचा आणि एकाच्या घरात बसून आपणच वाटून घ्यायचा. दुकान नाही, मालक नाही. फार सुंदर पद्धत आहे आणि ती टिकली आहे.

मग ती बीडच्या खेड्यात का रुजली नाही? मला वाटतं, कारण पैशाच्या वेळेत आहे. ग्राहक पंचायतीच्या कुटुंबाकडे एक तारखेला पगार येतो. यादी महिन्याची, पगारही महिन्याचा. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याकडे पैसा येतो तो वर्षातून एकदा, मुकादमाची उचल म्हणून, आणि तोही बराचसा आधीच्या देण्यात जातो. नंतर सहा महिने घरच नाही. परत आल्यावर पाऊस पडेपर्यंत हाताला मिळेल ते काम आणि आठवड्याच्या बाजाराला मिळेल तेवढी रोकड. अशा घराकडून महिन्याची आगाऊ रक्कम कशी गोळा करणार? म्हणून इथे सामुदायिक खरेदी जगली ती संस्थेने आपले पैसे आधी घातल्यामुळे. गिऱ्हाइकाने दहा रुपये आणले तर एक लिटर, वीस आणले तर दोन. ‘बाकीचं पुढल्या बाजारी नेते, ठेवा माझं’ असं सांगून गेलेल्या बाईचं तेल ठेवणारी सोसायटी आणि ‘मुदतीत उचललं नाही, संपलं’ म्हणणारी सोसायटी, कायद्यापुढे दोघी सारख्याच. गावापुढे नव्हेत.

ऊसतोडीचा प्रश्न इथे संपत नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जायच्या. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, वडवणी, धारूर, कुठल्याही तालुक्यात जा, त्या दिवसांत वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं. कार्ड गावात, कुटुंब कारखान्यावर. तिथे कोपीत रात्री उजेडाला रॉकेल लागायचं, पहाटे तीनला उठून भाकरी थापायला उजेड हवा, चूल पेटवायला पाचट असलं तरी दव पडून ओलं झालेलं. ते रॉकेल त्यांना कारखान्याच्या बाजारात चढ्या भावाने घ्यावं लागायचं. आणि इकडे गावात त्यांच्या नावाचं नियतन येतच राहायचं. या माणसांना कारखान्यावर तात्पुरती कार्डं द्यावीत अशी मागणी वर्षानुवर्षं होत राहिली.

मग गावात आलेलं ते तेल जायचं कुठे? स्मरणिका गौरवासाठी असते हे मान्य, पण हा प्रश्न टाळला तर बाकीच्या पानांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. काही सोसायट्यांनी ते इतर कार्डधारकांना वाटलं. काहींनी नियतन कमी करून मागितलं, असेही थोडे निघाले. आणि पुष्कळ ठिकाणी नोंदवहीत कार्डधारकाचा अंगठा उठलेला असायचा, कार्डधारक मात्र दोनशे किलोमीटरवर ऊस तोडत असायचा. सहकारी संस्था असल्याने असं होणार नाही, या भ्रमात मीही नोकरीला लागलो तेव्हा होतो. पण माप धरणारा हात सहकारी असला म्हणून माप आपोआप भरत नाही. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला तो डिझेलमधली भेसळ ओळखता यावी म्हणून. डिझेलचा भाव रॉकेलच्या तिप्पट-चौपट असताना नुसत्या रंगाने काय थांबणार? 25 जानेवारी 2011 ला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला तेलमाफियांनी जिवंत जाळलं. आपल्या बॅरलमध्ये येणारं तेल त्याच रस्त्याने यायचं. ती बातमी आली त्या आठवड्यात वाटपाच्या रांगेत एरवीची थट्टामस्करी नव्हती, हे मला चांगलं आठवतं.

त्याच वर्षाच्या सुमारास जिल्हा बँकही अडचणीत आली, प्रशासक आले, आणि सोसायट्यांचा कणाच मोडला. कर्जवाटप थांबल्यावर सोसायटीच्या खोलीला कुलूप लागायचं, ते रॉकेलच्या दिवशी उघडायचं. म्हणजे ज्या कामाला संचालक ओझं म्हणत होते, त्याच कामाने काही काळ संस्थेचं दार उघडं ठेवलं.

रॉकेलचा शेवट मात्र फार गाजावाजा न होता झाला. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली. त्याच वर्षी जुलैपासून रेशनच्या रॉकेलचा भाव टप्प्याटप्प्याने 25-25 पैशांनी वाढवायला सुरुवात झाली आणि 2020 च्या मार्चपर्यंत अनुदान शून्यावर आलं. मध्ये 2018 च्या सुमारास राज्यात ‘माझ्याकडे गॅस नाही’ असं हमीपत्र देणाऱ्यालाच रॉकेल, असा नियम झाला. अंगठ्याची जागा पॉस मशीनने घेतली. कार्डसंख्या घटली, नियतन घटलं, बॅरल रिकामे पडले. गावोगावच्या सोसायट्यांत आज ते बॅरल पाण्याला किंवा भुश्याला वापरात आहेत. वीज बरी झाली, चिमण्या माळ्यावर गेल्या.

चूल गेली असं मात्र कुणी समजू नये. सिलिंडर आहे, पण भरून आणायला एकदम मोठी रक्कम लागते. दहा रुपयांचं रॉकेल मिळायचं, दहा रुपयांचा गॅस मिळत नाही. जुना प्रश्न नव्या टाकीत आला आहे: पैशाची वेळ आणि मालाची वेळ जुळत नाही. उज्ज्वलाच्या 2021 च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल अशी सवलत मिळाली, 5 किलोच्या लहान सिलिंडरचीही सोय आहे. दोन्ही गोष्टी ऊसतोड कुटुंबाच्या सोयीच्या. पण एजन्सी तालुक्याला, घर वाडीवर.

आणि इथेच सोसायटीची पुन्हा गरज लागते. केंद्रात 2021 मध्ये सहकार मंत्रालय झालं, 2022 मध्ये प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर झाली, 2023 मध्ये आदर्श उपविधी आले. त्यानुसार गावची सोसायटी आता पंचवीसहून जास्त व्यवसाय करू शकते, त्यात गॅसची एजन्सी आणि पेट्रोल-डिझेलचा पंपही आहे. रॉकेलच्या नोंदवहीने जे शिकवलं ते वापरायची वेळ हीच. भागभांडवलातून वीस सिलिंडर आधी उचलायचे, वाडीवर ठेवायची सुरक्षित सोय करायची, आणि बाईने पैसे हप्त्याने भरायचे. जो हिशेब शंभर बाटल्यांचा बसला तो वीस सिलिंडरचाही बसेल. परवान्याचे आणि सुरक्षेचे नियम कडक आहेत, ते पाळावेच लागतील, पण ते पाळणाऱ्या संस्था राज्यात आहेत.

एक दुरुस्ती मात्र आधी करायला हवी, आणि ती रॉकेलच्या काळातच करायची राहिली. रांगेत उभ्या राहणाऱ्या त्या बायकांना आपण कधी सभासद केलं नाही. फार तर नाममात्र सभासद, म्हणजे मत नाही, सभेला बोलावणं नाही, लाभांश नाही. व्यवस्थापक समितीच्या तेरा जागांपैकी आठ कर्जदारांच्या. महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, त्यावर बहुतेक संचालकाची पत्नी किंवा सून बिनविरोध निवडून येते आणि सह्या घरी पाठवल्या जातात. फेसाचं माप ओळखणाऱ्या बाईला जर मताचा हक्क असता, तर कोणत्या सोसायटीत किती अंगठे उठले असते, हा विचार माझ्या मनात निवृत्तीनंतर जास्त येतो.

म्हणून या स्मरणिकेचं प्रकाशन ज्या सभेत होईल, त्याच सभेत ठराव मांडावा अशी माझी सर्व चेअरमन-संचालकांना विनंती आहे: गॅस, खत किंवा किराणा, सोसायटीचं जे दुकान चालेल, त्याच्या प्रत्येक कार्डधारक घरातल्या एका बाईला एका भागाचं पूर्ण सभासदत्व द्यावं, सातबारा न मागता. उपविधीत बदल करावा लागेल, तो निबंधकांकडे पाठवावा. आणि ज्या गावात जुनी साठा नोंदवही अजून शिल्लक असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. गटसचिवांनी ती दप्तरात नीट बांधून ठेवावी.